पहिल्या डावाची आघाडी



रविवार, दिनांक २ मार्च २०२५ रोजी आपल्या नागपुराजवळ जामठ्याच्या मैदानावर एक सामना संपला. तो कोणी जिंकला नाही, कोणी हरलाही नाही. तरी सायंकाळी रणजी करंडक विदर्भाच्या हाती देण्यात आला आणि केरळचा संघ रिकाम्या हाताने परत गेला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९ धावा झाल्या होत्या, केरळच्या ३४२. ह्या सदतीस धावांच्या अंतराने वर्षभराच्या स्पर्धेचा निकाल लागला. तेव्हापासून आपल्या शहरात, आणि केरळात तर अधिकच, असा एक सूर ऐकू येतो की हा विजय अर्धाच होय. जो सामना अनिर्णित राहिला त्याचे अजिंक्यपद कसले? ह्या आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी हा नियम आला कोठून आणि त्याच्या जागी दुसरे काय असू शकले असते, हे पाहणे इष्ट आहे.

स्पर्धा म्हटली की दोन प्रश्न अटळपणे उभे राहतात. देश मोठा, संघ अनेक. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य. म्हणून संघांचे गट पाडावे लागतात. तेव्हा गट कसे पाडावे, हा पहिला प्रश्न. आणि दोन संघ तुल्यबळ ठरले तर एकाला वर कसे काढावे, हा दुसरा. क्रिकेटच्या आपल्या इतिहासात पहिल्या प्रश्नाचे पहिले उत्तर मोठे विचित्र होते. मुंबईस १८९२ पासून गोरे आणि पारशी यांचे सामने नियमाने होऊ लागले. १९०७ साली हिंदू त्यांत आले, १९१२ साली मुसलमान, आणि १९३७ साली ‘इतर’ नावाचा पाचवा संघ निघाला. म्हणजे गट पाडले ते धर्मावरून. लाहोर, कराची, आणि आपल्या नागपुरातही त्याच नमुन्याच्या स्पर्धा भरत. तेथील खेळ उत्तम दर्जाचा असे यात संशय नाही. नागपुरात जन्मलेले, हिस्लॉप कॉलेजात शिकलेले कर्नल सी. के. नायडू यांनी १९२६ च्या डिसेंबरात एम. सी. सी. विरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा काढल्या, त्या हिंदूंच्या संघाकडूनच. तथापि गावागावांत वैराग्नी धुमसत असताना मैदानावरही तीच वाटणी चालू राहावी, हे अनेक विचारवंतांना सहन होईना. १९४५-४६ नंतर ती पंचरंगी स्पर्धा पुन्हा भरली नाही.

दुसरे उत्तर १९३४ साली निघाले. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांनी करंडक दिला, आदल्याच वर्षी निवर्तलेल्या रणजितसिंहांचे नाव त्याला देण्यात आले, आणि संघ प्रांतांचे ठरले. धर्माची रेषा पुसून भूगोलाची रेषा आली. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार विभाग करून प्रत्येक विभागात बाद पद्धतीने सामने व्हावेत आणि विभागांचे विजेते एकमेकांशी भिडावेत, अशी योजना होती. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासेस मद्रास आणि म्हैसूर यांचा पहिला सामना झाला, तो एकाच दिवसात आटोपला! मध्यप्रांत व वऱ्हाड हा आपला संघही त्या आरंभीच्या काळापासून स्पर्धेत होता. विभाग पाडण्यामागे कोणतेही गहन तत्त्व नव्हते. मद्रासहून लाहोरास आगगाडीने जायचे तर वाटेतच दोन-तीन दिवस मोडत. खेळाडू कोणी रेल्वेत कारकून, कोणी बँकेत, कोणी शाळेत शिक्षक. रजा आणि भाडे यांच्या हिशेबातून विभाग जन्माला आले, असे म्हटले तरी चालेल.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे बरोबरीच्या प्रश्नाचे, त्या काळचे सर्वांत सरळ उत्तर असे होते की बरोबरी होऊच द्यायची नाही. महत्त्वाचे सामने निकाल लागेपर्यंत खेळावे, दिवस कितीही लागोत. १९४५ सालचा मुंबई व होळकर यांचा अंतिम सामना हे त्याचे सुंदर उदाहरण आहे. होळकरांचे कर्णधार आपले नायडू. त्यांच्या संघात इंग्लंडचा प्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन. लष्करी नोकरीमुळे तो त्या वेळी महूस होता. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. होळकरांपुढे चौथ्या डावात ८६७ धावांचे लक्ष्य! कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला, पण संघ ४९२ वर संपला आणि मुंबईने ३७४ धावांनी बाजी मारली. एकूण धावा २०७८.

हाही कमीच वाटावा असा सामना चार वर्षांनी पुण्यास झाला. १९४९ च्या मार्चात उपांत्य फेरीत मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७. पुढे मुंबईने ८ बाद ७१४ वर डाव सोडला. दत्तू फडकर आणि उदय मर्चंट यांनी मुंबईकडून दोन्ही डावांत शतके काढली. महाराष्ट्राच्या रेग्यांनीही तोच पराक्रम केला. महाराष्ट्राला जिंकण्यास ९५९ धावा हव्या होत्या. बिचाऱ्यांनी ६०४ केल्या! सात दिवस खेळ चालला, २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात इतक्या धावा अन्यत्र कोठेही झालेल्या नाहीत. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर याहून निर्मळ निवाडा नाही; कोणालाही तक्रारीस जागा नाही. पण सात दिवस गोलंदाजी करणाऱ्याच्या खांद्याचा आणि सात दिवस रजा देणाऱ्या साहेबाच्या संयमाचा विचार केला की ही पद्धत का टिकली नाही हे सांगावे लागत नाही. शिवाय दिवसांना अंत नाही असे कळले की फलंदाजाला घाई नाही आणि कर्णधाराला जोखीम घेण्याचे कारण नाही. खेळाची सत्त्वपरीक्षा होते खरी. खेळाचा आनंद मात्र आटतो.

दिवस मर्यादित केले की अनिर्णित सामने आलेच. आणि तेथेच पहिल्या डावाची आघाडी हा तोडगा कामास येतो. रणजी करंडकात तो फार जुना आहे. त्यामागील विचार साधा आहे. चार डाव पुरे झाले नाहीत, तर निदान दोघांना सारखे मिळालेले असे काय आहे? एकेक पूर्ण डाव. दोघांनीही दहा-दहा गडी गमावून जे मिळविले ते तुलनेस योग्य. पुढचे अर्धवट राहिलेले डाव तुलनेस अयोग्य. ह्या युक्तिवादात मला तरी खोट दिसत नाही.

१९५७-५८ हे वर्ष आपल्या विषयात दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी विदर्भाचा संघ स्वतःच्या नावाने प्रथम रणजी स्पर्धेत उतरला. आणि त्याच वर्षी विभागांतील बाद पद्धत जाऊन साखळी पद्धत आली. विभागातील प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे, पूर्ण विजयाला अधिक गुण, अनिर्णित सामन्यात आघाडी घेणाऱ्यास काही गुण, मागे पडणाऱ्यास त्याहून कमी. तोपर्यंत चाराचे पाच विभाग झाले होते. १९५२-५३ पासून मध्य विभाग निघाला होता आणि विदर्भाची जागा त्यात होती. पाच विभागांचे पाच विजेते पुढे जात, बाकीचे घरी.

ह्या रचनेतील अन्याय लवकरच दिसू लागला. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक सोडला नाही. आता पश्चिम विभागात जन्मलेल्या महाराष्ट्र, बडोदे, गुजरात, सौराष्ट्र यांनी काय करावे? विभागात मुंबईच्या खाली दुसरा क्रमांक मिळविला तरी पुढचे दार बंद. उलट मध्य विभागातून राजस्थानचा संघ साठीच्या दशकात वारंवार अंतिम सामन्यापर्यंत जाऊन मुंबईकडून हरत असे. राजस्थानचे कर्तृत्व मी कमी लेखीत नाही. पण एका विभागातला दुसरा दुसऱ्या विभागातल्या पहिल्याहून बलवान असू शकतो, ही गोष्ट नकाशाला समजत नाही. १९७०-७१ साली नियम बदलून प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे घेण्यात आले, आणि काय आश्चर्य! त्याच वर्षी अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात झाला. एकाच विभागातले दोघे! बंद दाराआड किती बळ कोंडून पडले होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा? पुढे १९९२-९३ पासून तीन-तीन संघ घेऊ लागले. शेवटी २००२-०३ साली विभागच मोडले आणि संघांच्या बळावरून ‘एलिट’ व ‘प्लेट’ असे गट पाडण्यात आले. विदर्भाच्या वाट्याला आरंभी प्लेट गट आला. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नव्हते. तेथून वर चढण्याची वाट मोकळी होती, आणि नकाशातून ती तशी नव्हती.

हे दुखणे केवळ आपलेच आहे असे नाही. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ त्यांच्या तऱ्हेचे फुटबॉल खेळतात आणि त्या खेळाला तेथे आपल्याकडील क्रिकेटइतकाच लोकाश्रय आहे. विद्यापीठांच्या प्रादेशिक संघटना आहेत. सभासद वाढले तेव्हा संघटनेचे दोन विभाग करून दोन विभागविजेत्यांत अंतिम सामना खेळवावा, ही प्रथा आग्नेयेकडील संघटनेने १९९२ साली पाडली आणि इतरांनी उचलली. २००८ साली ‘बिग ट्वेल्व्ह’ ह्या संघटनेच्या दक्षिण विभागात मोठा पेच पडला. टेक्ससने ओक्लाहोमाला ४५-३५ असे हरविले; टेक्सस टेकने टेक्ससला ३९-३३ असे; आणि ओक्लाहोमाने टेक्सस टेकला तर ६५-२१ असे लोळविले. तिघांचाही विभागात एकेकच पराभव. परस्परांतील सामन्यावरून निवाडा करावा म्हटले तर हे चक्र कोठे तोडायचे? नियम असा होता की अशा वेळी देशभराची क्रमवारी पाहावी. आणि ती क्रमवारी जाणत्यांच्या मतांवरून व गणकयंत्रांच्या हिशेबांवरून ठरे. तीत ओक्लाहोमा वर होता, म्हणून तो गेला. ज्याने त्याला मैदानावर हरविले होते तो टेक्सस मागे राहिला. टेक्ससच्या लोकांनी केलेल्या आरडाओरड्याचे मला नवल वाटत नाही. मैदानावरच्या बरोबरीचा निवाडा मैदानाबाहेर बसलेल्यांच्या मतांनी करणे हे मला सर्व उपायांत हीन वाटते. त्या देशातही बहुतेक मोठ्या संघटनांनी अलीकडे विभाग मोडले आहेत. आपण २००२ साली जे केले तेच.

आघाडीचा नियमही लावता येऊ नये असा प्रसंग आला तर? तोही येऊन गेलेला आहे. १९९० च्या मार्चात कलकत्त्यास बंगाल आणि दिल्ली यांचा अंतिम सामना होता. दिल्लीचा डाव २७८ धावांत संपला. बंगालच्या ४ बाद २१६ झाल्या असताना पावसाने सामना बुडविला. बंगालचा पहिला डावच पुरा झाला नाही. मग आघाडी कोणाची? अशा वेळेसाठी भागफलाचा नियम होता. काढलेल्या धावांना पडलेल्या गड्यांनी भागावे. दिल्लीचे २७८ भागिले दहा, म्हणजे २७.८, बंगालचे २१६ भागिले चार, म्हणजे ५४. चौथीतला मुलगाही हे गणित सोडवील. करंडक बंगालला मिळाला, एक्कावन्न वर्षांनी. पण विचार करा, दिल्लीच्या धावा बासष्टांनी अधिकच होत्या. बंगालचे उरलेले सहा गडी चाळीस धावांत कोसळले नसते असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? भागफल न झालेल्या खेळाविषयी अनुमान करतो. आघाडी झालेल्या खेळाचे मोजमाप करते. दोहोंतील हा भेद मला फार मोठा वाटतो. आजही गटातील गुण आणि विजय समान झाले की अखेरीस भागफलाकडेच जावे लागते, परंतु तेथे तो काढलेल्या आणि दिलेल्या अशा दोन्ही धावांवरून मोजतात. मोसमभराच्या खेळावर बेतलेला असल्यामुळे तेथे तो तितका बोचत नाही.

ऑस्ट्रेलियात शेफील्ड शिल्डच्या अंतिम सामन्यासाठी दीर्घकाळ निराळाच नियम होता. साखळीत जो पहिला आला त्याच्या घरी सामना, आणि तो अनिर्णित राहिला तर शिल्ड त्याचीच. म्हणजे यजमानाने पाच दिवस नुसते किल्ल्यात बसून राहिले तरी भागे. आपल्या नियमात निदान पहिल्या डावापुरती तरी दोघांनाही तलवार उपसावी लागते.

आता विदर्भाकडे वळू. साठ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर पहिला करंडक आला तो इंदूरच्या होळकर मैदानावर, १ जानेवारी २०१८ रोजी, फैज फजलच्या नेतृत्वाखाली, दिल्लीवर नऊ गडी राखून. दुसरा लगेच पुढच्या वर्षी जामठ्यास, सौराष्ट्रावर ७८ धावांनी. त्या सामन्यात डावखुऱ्या आदित्य सरवटेने अकरा गडी बाद केले होते. दोन्ही विजय निखळ, चारही डाव पुरे. त्यामुळे आघाडीच्या नियमाशी नागपूरकरांचा अंतिम सामन्यातला पहिला परिचय २०२५ सालचाच.

परंतु केरळचा परिचय त्याच मोसमात फार जवळचा झाला होता. उपांत्यपूर्व सामन्यात पुण्यास जम्मू-काश्मीरने २८० धावा केल्या. केरळचे नऊ गडी २०० धावांत गेले होते. सलमान निजार आणि शेवटचा गडी बासिल थम्पी यांनी ८१ धावांची भर घातली आणि केरळ २८१ वर पोचला. एका धावेची आघाडी! पुढे सामना अनिर्णित राहिला आणि त्या एका धावेवर केरळ उपांत्य फेरीत गेला. तेथे अहमदाबादेस केरळच्या ४५७ धावांना उत्तर देताना गुजरातचे नऊ गडी बाद आणि धावा ४५५. नागवासवालाने जोराने मारलेला चेंडू जवळ उभ्या असलेल्या त्याच सलमान निजारच्या शिरस्त्राणावर आदळून वर उडाला आणि कर्णधार सचिन बेबीच्या हातात जाऊन विसावला. दोन धावांची आघाडी! क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावरून उडालेला झेल ग्राह्य धरण्याचा नियम २०१७ साली झाला. त्यापूर्वी हा गडी नाबाद ठरला असता. गोलंदाज कोण होता? आदित्य सरवटे. तो त्या मोसमात विदर्भ सोडून केरळकडून खेळत होता.

तेव्हा केरळला आघाडीच्या नियमाविरुद्ध बोलण्याचा अधिकार कितपत पोचतो, हे श्रोत्यांनीच ठरवावे. त्यांना अंतिम सामन्यात आणणारा नियम आणि त्यांच्या हातून करंडक काढून घेणारा नियम एकच आहे. तो सर्वांना आधीपासून ठाऊक होता आणि दोन्ही संघ तो जाणूनच खेळले. दानिश मालेवारने १५३ धावा केल्या त्या ह्याच आघाडीसाठी, आणि केरळकडून सरवटेने ७९ व सचिन बेबीने ९८ केल्या त्याही त्यासाठीच. सचिन बेबी बाद झाला तेव्हा केरळची धावसंख्या ३२४ होती. तो आणखी तासभर टिकता तर ही सर्व चर्चा कदाचित कोचीत चालली असती.

नियमातला दोष मी झाकणार नाही. आघाडी हाती आली की पुढच्या डावात संघाला जिंकण्याची गरज उरत नाही. न हरले म्हणजे झाले. विदर्भाने तेच केले. करुण नायरने १३५ धावांचा देखणा डाव रचला खरा, पण डाव सोडून केरळला खेळावयास बोलाविण्याचा विचार कर्णधार अक्षय वाडकरने केला नाही. पाचव्या दिवशी विदर्भ ९ बाद ३७५ असताना दोन्ही संघांनी हस्तांदोलन केले. एकूण आघाडी ४१२ झाली होती. प्रेक्षक म्हणून मला चौथा डाव पाहावयास आवडला असता. कर्णधार म्हणून मी तो देऊ केला असता काय? मुळीच नाही. वर्षभराची मिळकत एका दिवसाच्या हौसेवर कोण उधळील?

आणखी एक हिशेब पाहण्यासारखा आहे. त्या मोसमात विदर्भ एकही सामना हरला नाही आणि केरळही हरला नाही. दोन अपराजित संघ आणि करंडक एक! नियम कोणताही असता तरी एकाला हरल्यावाचून रिकाम्या हाताने जावे लागणारच होते. विदर्भाने गटातील सातांपैकी सहा सामने जिंकून ४० गुणांनी पहिला क्रमांक मिळविला, मग तामीळनाडूला १९८ धावांनी आणि मुंबईला ८० धावांनी हरविले. केरळ आपल्या गटात तीन विजयांनी दुसरा आला होता आणि बाद फेरीत त्याला एकही पूर्ण विजय मिळाला नाही. म्हणजे विजय मोजा, गटातील क्रमांक मोजा, की पहिला डाव मोजा, माप कोणतेही घेतले तरी पारडे त्या वर्षी एकाच बाजूस झुकत होते. करंडक घेऊन केरळचा संघ परतला असता तर मात्र ह्याच नियमावर नागपुरात काय काय बोलले गेले असते, ते आकाशवाणीवरून सांगण्यासारखे नाही.